हायड्रोजनचे पाणी आणि काकूंच्या पाटल्या

गेल्या महिन्यात एका काकूंना त्यांचा मुलगा दवाखान्यात घेऊन आला. स्तनाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेलची सलाईन चालू आहेत. तळपायांची आग होते, बोटे बधिर, ब्लाउजचे हूक लावता येत नाहीत. मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हायड्रोजनच्या पाण्याचे मशीन घेऊ का? लाखाच्या वर सांगतात. आईच्या पाटल्या मोडाव्या लागतील."

वाचकहो, मी या पाण्याची टिंगल करणार नाही. हायड्रोजन हा पेशींना इजा करणाऱ्या हायड्रॉक्सिल रॅडिकलला निकामी करतो, असे जपानी संशोधकांनी २००७ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये मांडले. पुढे उंदरांच्या नसांच्या वेदनेवरही प्रयोग झाले. पण उंदीर म्हणजे काकू नव्हेत! पाटल्या मोडाव्यात एवढा भक्कम पुरावा माणसांबाबत मला तरी दिसत नाही. शिवाय लिटरभर पाण्यात हायड्रोजन विरघळतो जेमतेम दीड मिलिग्रॅम, आणि पेला उघडा राहिला की तोही उडू लागतो.

कागदावर पटणारे औषध रुग्णाला मानवतेच असे नाही. ॲसिटिल-एल-कार्निटिन नसांना चांगले म्हणून लोक घेत. २०१३ साली अमेरिकेत अशीच केमोथेरपी घेणाऱ्या ४०९ स्त्रियांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. चोवीस आठवड्यांनी ते घेणाऱ्यांचाच त्रास जास्त निघाला.

मला खरे खटकले ते वेगळेच. काकूंनी हा त्रास कर्करोगतज्ज्ञांना सांगितलाच नव्हता. "सलाईन बंद केली तर?" ही भीती. अहो, वेळीच कळले तर ते मात्रा कमी करतात, औषध बदलतात. उशीर झाला तर बधिरपणा कायमचा राहू शकतो. अशा वेदनेवर त्यातल्या त्यात पुरावा आहे तो ड्युलोक्सेटिनचा. आराम मध्यमच पडतो, आणि ते दुकानातून परस्पर आणून घ्यायचे औषध नव्हे.

मुलाला तिथूनच तज्ज्ञांना फोन करायला लावला. काकूंना सांगितले, घरातही मऊ चप्पल घाला, अंघोळीचे पाणी कोपराने पाहा, रोज रात्री सुनेकडून तळपाय तपासून घ्या.

पुढच्या सलाईनची मात्रा तज्ज्ञांनी कमी केली. परवा काकू आल्या होत्या. आग थोडी उतरली आहे, हूक अजून सूनच लावते. पाटल्या हातात होत्या.