कवितेचें वतन कोणाचें?

आमच्या शेतकरी, कोळी, सुतार, लोहार व कुंभार बंधूंच्या मनांत एक खुळी समजूत घट्ट बसली आहे. ती अशी कीं, कविता ही शिकलेल्या लोकांची चीज. ती कळण्यास संस्कृत यावें लागतें, वृत्तें पाठ असावीं लागतात, आणि नांगर धरणाऱ्या किंवा जाळें ओढणाऱ्या हातानें तें पुस्तक उघडण्यांत अर्थ नाहीं. ही समजूत त्यांच्या मनांत आपोआप उगवलेली नव्हे. ती त्यांच्या गळीं उतरविलेली आहे. खोतानें जमीन आपली म्हणावी आणि कुळानें मान डोलवावी, तसाच हा प्रकार. जमिनीच्या खोतीविरुद्ध अलिबागेजवळच्या चरी गांवच्या शेतकऱ्यांनीं १९३३ सालीं संप पुकारला व तो कित्येक वर्षें नेटानें चालविला. शब्दांच्या खोतीविरुद्ध मात्र आम्हीं अजून तोंड उघडलेलें नाहीं.

तर मग या वतनाचें दप्तरच उघडून पाहूं. नामदेव कोण? शिंपी. गोरोबा कुंभार, सांवतोबा माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, चोखोबा महार, आणि जनाबाई तर परक्याच्या घरीं राबणारी दासी. तुकोबा देहूचा कुणबी. मराठी कवितेच्या पायाचे दगड ज्यांनीं रचिले, त्यांतील इतके जण आमच्याच आळींतले निघतात. आणि आम्ही मात्र त्या वाड्याच्या दाराशीं जोडे काढून, ‘आंत येऊं का?’ म्हणून विचारीत उभे! तुकोबांचा गाथा इंद्रायणींत बुडविला गेल्याची कथा घरोघर सांगतात. तोच गाथा १८६९ ते १८७३ या सालांत मुंबई सरकारच्या मदतीनें इंदुप्रकाश छापखान्यांतून छापून निघाला. त्याच १८६९ सालीं जोतीराव फुल्यांनीं शिवाजी महाराजांचा पवाडा काढला, आणि हा कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावा म्हणून आपण लांबलचक संस्कृत शब्द टाळले, असें स्वच्छ लिहून ठेविलें. त्यांच्याही पंधरा वर्षें आधीं, १८५४ सालीं, सावित्रीबाईंचें ‘काव्यफुले’ छापलें गेलें होतें. आतां सांगा, वतनदार कोण आणि उपरा कोण?

नव्या मुंबईच्या वाचकांस आम्ही आणखी एक गोष्ट विचारतों. १९७० सालीं सिडको आली, पंचाण्णव गांवांची जमीन घेतली गेली. भातखाचरें व मिठागरें जाऊन तेथें इमारती उभ्या राहिल्या. जमीन गेल्याचें दुःख तुम्हांस आहे, आणि तें रास्त आहे. परंतु घरांतून दुसरें जें धन चाललें आहे, त्याचा पंचनामा कोणीं केला? आगरी-कोळ्यांच्या लग्नांत धवलारीण धवळे गाई. हळद, मांडव, देवदेवतांस आवतण, प्रत्येक विधीस तिचा धवळा ठरलेला. पोथी नाहीं, पुस्तक नाहीं; सारें तोंडपाठ. विद्यापीठांत शिकवितात कीं, मराठीची आद्य कवयित्री तेराव्या शतकांतील महानुभाव पंथाची महदंबा, आणि तिच्या काव्याचें नांव काय? ‘धवळे’! तींही श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचीं गाणीं. महदंबेचा धवळा अभ्यासक्रमांत आणि घणसोली-करावें-दिवाळ्याच्या आजीचा धवळा मात्र अडाण्यांचा गलबला, हा न्याय कोठला? आणि शहाण्यांनीं तो केला तर केला, आम्हीं कां मानला? आज हळदीच्या रात्रीं भोंगे इतके मोठे लावतात कीं, आजीनें तोंड उघडलें तरी शेजारणीस ऐकूं जाऊं नये. दोष भोंग्याचा नाहीं, तो भाड्यानें आणणाऱ्यांचा आहे.

शाळेंतली तऱ्हा याहून निराळी नाहीं. मुलापुढें कविता येते ती प्रश्नोत्तरांचें ओझें घेऊन. ‘कवीला काय म्हणावयाचें आहे’ याचें उत्तर बाजारच्या मार्गदर्शकांत तयार. तें घोका आणि गुण घ्या. लाडू कधीं जिभेवर ठेवावयाचा नाहीं, त्यांत साखर किती तें मात्र लिहावयाचें! असें शिकलेलें मूल परीक्षा संपतांच कवितेकडे पाठ फिरवील, नाहीं तर काय करील?

सबब आमचें सांगणें असें. कवितेचा आरंभ पुस्तकापासून करूं नका, घरापासून करा. आजीच्या तोंडचे धवळे, जात्यावरच्या ओव्या वहींत लिहून काढा. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या अभ्यासकांनीं गोळा केल्या आहेत, म्हणजे तें टाकाऊ भुसकट नव्हे, हें उघड आहे. मग तुकोबांकडे जा. वृत्तांची भीति वाटते? अभंगास लघुगुरूचा जाच नाहीं, नुसतीं अक्षरें बोटांवर मोजा. मोठ्या अभंगाचे चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचें यमक जुळतें. लहान अभंगाचे दोनच चरण, आठ-आठ अक्षरांचे. झालें तुमचें वृत्तशास्त्र! पुढें जळगांवजवळच्या असोद्याची बहिणाबाई वाचा. तिला लिहितां-वाचतां येत नव्हतें. १९५१ सालीं ती वारली आणि पुढच्याच सालीं तिचीं गाणीं पुस्तकरूपानें निघालीं. मग गिरणगांवांत वाढलेल्या, शाळेंत शिपायाचें काम केलेल्या नारायण सुर्व्यांचें १९६२ चें ‘ऐसा गा मी ब्रह्म’ घ्या. तेथें यमक नसलें तरी श्वास ओळखीचा लागेल.

वाचावयाचें तें मोठ्यानें वाचा. एका दिवसास एकच कविता, पण ती तीनदां. पहिल्यानें कानासाठीं, दुसऱ्यानें अर्थासाठीं, तिसऱ्यानें घरांतल्यांस ऐकविण्यासाठीं. एखादा शब्द अडला तर अडूं द्या. ओढ्यांत एक दगड निसटला म्हणून कोणी पैलतीर सोडीत नाहीं. आणि कविता मोठ्या नांवाची आहे म्हणून, किंवा आपल्या जातभाईची आहे म्हणून, चांगली म्हणूं नका. कोळीण कल्ले उचलून मासळी ताजी कीं शिळी तें सांगते; तुर्भ्याच्या बाजारांत मूठभर दाणे हातावर घेऊन माल जोखतात. तीच पारख शब्दांवर चालवा. नाहीं पटली तर खुशाल बाजूस ठेवा, कोणी दंड करणार नाहीं.

कोणी म्हणेल, ‘कवितेनें पोट भरतें काय?’ भरत नाहीं, हें आम्ही लिहून देतों. पण शब्दाची पारख नसलेल्याच्या पोटावर कागदाच्या एका ओळीनें पाय येतो, हें या पट्टीच्या शेतकऱ्यांस दुसऱ्यानें सांगावें लागत नाहीं. ‘साडेबारा टक्के’ या दोन शब्दांमागें १९८४ च्या जानेवारींतील जासई-पागोट्याचे पांच हुतात्मे उभे आहेत; म्हणून ते उच्चारतांच येथल्या पोरालाही कांटा येतो. शब्दामागें माणसाचें जिणें उभें राहिलें म्हणजे तो असा अंगावर येतो. कवितेंत याहून वेगळें रहस्य नाहीं, आणि तें तुम्हांस पंडितांच्या आधीं कळलेलें आहे.

म्हणून बंधुभगिनींनो, परवानगी मागत बसूं नका. वतन तुमचें, कब्जाही तुमचाच असला पाहिजे. ज्या घरांत आजी आहे, त्या घरानें आजच संध्याकाळीं तिच्याजवळ वही घेऊन बसावें. पुस्तकें उद्यांही दुकानांत मिळतील. आजी मिळणार नाहीं.