घरखर्चाचं पान : वीज आणि वाळवण



उन्हाळ्यात सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. भर दुपारी एसी लावला की म्हणायच्या, "अगं, मीटर पळतंय, बंद कर ते!" मग संध्याकाळी एसी, ड्रायर, शेगडी, सगळं एकदम सुरू. बिल आलं आणि दरपत्रक मी प्रथमच नीट वाचलं.

आपल्या कॅलिफोर्नियात दुपारी सौरवीज उदंड होते. २०२४ मध्ये सूर्य-वाऱ्याची सुमारे ३४ लाख मेगावॉट-तास वीज ग्रिडला घेताच आली नाही, निर्मिती मुद्दाम कमी करावी लागली. सूर्य कलला की उलटी तऱ्हा! आपण घरी परततो, मागणी चढते आणि गॅसवरची केंद्रं घाईनं वाढवावी लागतात. सौरवीज वजा केलेल्या मागणीचा आलेख काढला तर दुपारी पोट खाली, संध्याकाळी मान वर, अगदी बदकच. म्हणून बऱ्याच योजनांत दुपारी ४ ते रात्री ९ वीज सर्वांत महाग.

आता संध्याकाळचा स्वयंपाक काही पुढे ढकलता येत नाही. पण ड्रायर, भांड्यांचं मशीन आणि गाडीचं चार्जिंग यांना कसली घाई? मशीनं सकाळी किंवा दुपारी लावा. गाडी रात्री उशिरा किंवा सुटीच्या दिवशी दुपारी. आपल्या योजनेत स्वस्त वेळ कोणती ते आधी पाहा. एसीनं घर चारच्या आत गार करा, मग थर्मोस्टॅट तीन-चार अंश वर न्या.

छतावर पॅनेल बसवणार असाल तर जरा थांबा. मोठ्या खाजगी वीजकंपन्यांच्या ज्या ग्राहकांनी १४ एप्रिल २०२३ नंतर अर्ज केला, त्यांना ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला पूर्वीपेक्षा फारच कमी मिळतो. त्यामुळे दुपारची वीज साठवून संध्याकाळी वापरणारी बॅटरी आता हिशेबात धरावी लागते. घरमालकांना मिळणारी ३० टक्के केंद्रीय करसवलतही २०२५ अखेर संपली. विक्रेत्याच्या कागदावर ती अजून दिसली, तर सही करू नका!

हे सगळं सासूबाईंना समजावलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे वाळवणासारखंच की! ऊन आहे तोवर उरकून घ्यायचं."

एवढं सोपं मला नसतं सांगता आलं. पुढच्या अंकी भेटूच.