अनुदान कळलं, धंद्याचं कोण सांगणार?

मा. विकास आयुक्त (उद्योग),
महाराष्ट्र शासन, मुंबई



सोलापूर जिल्ह्यातल्या बचत गटांचे हिशेब मी लिहून देते. त्यामुळे धंदा काढायला निघालेल्या बायकांची कागदपत्रं माझ्या हाताखालून जातात. जुलै 2020 पासूनची उद्यम नोंदणी फुकट आहे, तिला एकही कागद जोडावा लागत नाही. तरी कोणीतरी त्याचे हजार-दीड हजार घेतलेले असतात, वर मेहरबानी केल्याचा आव. पण एजंटांबद्दल तक्रार करायला हे पत्र लिहीत नाही. मोकळी जागा दिसली की ते येणारच.

परवा एका बाईंचा विकतचा प्रोजेक्ट रिपोर्ट वाचला. धंदा कडक भाकरीचा. वर्षाला 300 दिवस काम, सगळा माल खपणार, उधारी शून्य! कडक भाकरी एसटीच्या टपावरून गेली की तिचे तुकडे होतात आणि दुकानदार तो पुडा परत करतो. चांगल्या मालाचे पैसेसुद्धा तो पुढच्या खेपेला देतो. म्हणजे एका खेपेचा माल कायम बाहेर अडकलेला, आणि पीठ, गॅस, पिशव्या रोखीने आणायच्या. यातलं एक अक्षर रिपोर्टात नव्हतं. बाईंना मात्र सगळं तोंडपाठ होतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

ग्रामीण भागातल्या महिलेला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात 35 टक्के अनुदान, हे आता गावोगाव ठाऊक आहे. ती रक्कम बँकेत तीन वर्षं अडकून राहते, हातात पडत नाही, हे मात्र बऱ्याच जणींना कर्ज उचलल्यावर कळतं.

फुकट मदत मुळीच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत राहणं, जेवण, शिकवणं सगळं मोफत, शिवाय नंतर दोन वर्षं पाठपुरावा. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र तर 1988 पासून काम करतंय. पण ही दारं जिल्ह्याच्या ठिकाणी. अर्ध्या दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं घालून तिथे गेलेल्या बाईला साहेब मीटिंगला गेलेत म्हणून सांगितलं, की ती पुन्हा जात नाही.

म्हणून मागणी एवढीच. महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, जिल्हा उद्योग केंद्राचा माणूस तालुक्याला बसवा. सोबत एखादा निवृत्त बँक अधिकारी आणि त्याच मालाचा एखादा घाऊक व्यापारी असावा. अर्ज नंतर भरा, आधी खर्च, उधारी आणि तुटफूट मांडा. आकडे जुळत नसतील तर ‘बाई, हे कर्ज घेऊ नका’ असं सांगायची मुभा त्यांना असू द्या. मंजूर प्रकरणांच्या उद्दिष्टात तो सल्ला बसत नाही, याची कल्पना आहे.

टेबल-खुर्च्यांची सोय आमचे गट करतील. माणूस तेवढा पाठवा.

आपली,
बचत गटांची एक हिशेबनीस