हार्डडिस्क म्हातारी नाही, अस्ताव्यस्त झाली आहे

मंडळी, आज जरा भांडायचं आहे.

गेल्या महिन्यात पुण्याहून बाबांचा फोन. "अरे, मेलमध्ये एक जुनं पत्र शोधायचं तर मिनिटभर लागतं. दुकानदार म्हणतो मशीन म्हातारं झालं, नवीन घ्या." इथे सांता क्लारात जेवताना हे सांगितलं, तर सहकाऱ्यांचं उत्तर तेच, फक्त इंग्रजीत. फेकून दे. ते मिनिट जातं कुठे, हे कोणीच विचारलं नाही!

मग एका रात्री जागून इथूनच बाबांचा कॉम्प्युटर उघडून बघितला. डिस्कची प्रकृती ठणठणीत, खराब सेक्टर एकही नाही. फक्त 94 टक्के भरलेली. आणि बाबांच्या मेलची दीड जीबीची एकच फाईल, वर्षानुवर्षं रोज चिमूटभर वाढलेली, तिचे 3,100 तुकडे झालेले.

आता शाळेतलं गणित. तबकडी मिनिटाला 7,200 फेरे घेते, म्हणजे एक फेरा 8.3 मिलिसेकंदांचा. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि हेड तिथवर सरकायला आणखी आठ-नऊ. धरा 13. गुणिले 3,100. चाळीस सेकंद नुसती धावपळ! खरं वाचन उरलेल्या पंधरा-वीस सेकंदांत होतं.

हा रोग काही आजचा नाही. 1984 साली बर्कलीच्या मॅक्युसिक आणि मंडळींनी लिहून ठेवलंय, की जुन्या युनिक्सच्या फाईल सिस्टिमचा वेग सुरुवातीला सेकंदाला 175 किलोबाइट असायचा आणि काही आठवड्यांच्या साध्या वापरानंतर तो 30 वर यायचा. डिस्क तीच. त्यावर त्यांनी नवीन डिस्का मागवल्या नाहीत, मांडणी बदलली आणि दहा टक्के जागा रिकामी राखली.

विंडोज ही आवराआवर स्वतःहून करतं, हे मान्य. पण त्यासाठी मशीन चालू आणि रिकामं असावं लागतं. आमचे बाबा काम झालं रे झालं, की भिंतीवरचं बटण बंद करतात. (वीज वाया जाते ना!) त्यामुळे ती वेळ कधी येतच नाही.

उपाय आठ ओळींचा निघाला. आधी बॅकअप, मग जुने व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवून जागा मोकळी केली. मग एक बॅच फाईल: मेलचा प्रोग्राम बंद आहे का बघ, सिसइंटर्नल्सचं फुकट मिळणारं 'कॉन्टिग' त्या फाईलवर चालव, आधीचे-नंतरचे तुकडे नोंदव. 3,100 चे झाले चार. शोध आता अठरा सेकंदांत.

एसएसडी लावा हा सल्ला चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तिथे हेडच नसतं, त्यामुळे ही स्क्रिप्ट तिच्यावर चालवूही नका, उगाच झीज होईल. आणि डिस्क खरोखरच मरायला टेकली असेल, तर स्क्रिप्ट काय करणार? पण हे बघायला दहा मिनिटं लागतात. ती न देता म्हाताऱ्या माणसाला नवीन मशीनचा खर्च सांगणं, याला मी निदान म्हणत नाही. तपासायची विद्या शिकलेले माझे सहकारीही तेच करतात, याचा मला दुकानदारापेक्षा जास्त राग आहे. याच गावातल्या सांता क्लारा विद्यापीठात लोकांनी 1956 सालच्या रॅमॅकची, पहिल्या हार्डडिस्कची, पुन्हा जोडणी केली होती. पन्नास तबकड्यांचं धूड! ते कोणी भंगारात काढलं नाही.

असो. बाबा बटण अजूनही बंद करतात. म्हणून स्क्रिप्ट दुपारी जेवणाच्या वेळेला लावली आहे.