प्रशिक्षक बदलून काय साधते?

एखादा फुटबॉल संघ लागोपाठ चार सामने हरला, की प्रशिक्षकास घरी पाठवा अशी ओरड सुरू होते आणि चालकही बहुधा तिला वश होतात. खेळाडू बदलण्यास पैसा लागतो, चालकांनी स्वतः दूर व्हावे हे तर कोणास सुचतच नाही. राहता राहतो एकटा प्रशिक्षक. यात उपायापेक्षा सोय अधिक आहे, आणि मुंबईकरांनी तरी हे विसरू नये.

2007 साली स्थापन झालेल्या मुंबई एफ.सी. संघाची सूत्रे 2009 पासून खालिद जमील यांच्या हाती होती. खेळ बचावाचा, गोल मोजके, विजेतेपद एकही नाही; कूपरेजवरील प्रेक्षकांची कुरकुर अगदीच अनाठायी होती असे आम्ही म्हणणार नाही. तथापि संघ वरच्या श्रेणीत टिकून होता. 2016 मध्ये, सात वर्षांनंतर, जमील यांना निरोप मिळाला. त्यांच्या जागी आलेले संतोष कश्यप मोसम संपण्यापूर्वीच गेले, मग ऑस्कर ब्रुझोन आले. 2017 मध्ये संघ आय-लीगच्या तळाशी राहिला, खालच्या श्रेणीत ढकलला गेला आणि पुन्हा वर आलाच नाही.

त्याच मोसमात जमील मिझोरामच्या आयझॉल संघाकडे होते. आदल्या वर्षी घसरलेला हा संघ, गोव्याचे संघ बाहेर पडले म्हणूनच लीगमध्ये परतला होता. जयेश राणे, आशुतोष मेहता हे मुंबई एफ.सी.चे खेळाडूही तेथे गेले, आणि 30 एप्रिल 2017 रोजी आयझॉल राष्ट्रीय विजेता ठरला!

यावर कोणी म्हणेल, आयझॉलनेही नवा प्रशिक्षक आणलाच होता. आक्षेप रास्त आहे. प्रशिक्षक कधीच बदलू नये असा आमचा आग्रह नाही. खेळाडूंचा विश्वास उडाला असेल, तर बदलावाच. पण आयझॉलने माणूस मोसमापूर्वी आणला आणि त्याच्या परिचयाचे खेळाडूही मिळविले. मुंबईने भर मोसमात दुसऱ्याची घडी तिसऱ्याच्या हाती दिली. नागावच्या वाडीत सुपारी लावणारा फळासाठी पाच-सात वर्षे थांबतो. पोफळ धरली नाही तर माळ्यास काढण्यापूर्वी पाणी आणि खत पाहतो.

राष्ट्रीय संघाची कथा निराळी नाही. जून 2024 मध्ये इगोर स्टिमाच यांना काढले, जुलै 2025 मध्ये मानोलो मार्केझ गेले, ऑगस्टमध्ये जमील आले. ऑक्टोबरमध्ये मडगावी सिंगापूरने आपणांस 2-1 असे हरविले, 2027 च्या आशिया चषकाची वाट बंद झाली, आणि बोटे पुन्हा प्रशिक्षकाकडे वळली. वास्तविक बांगलादेशाशी बरोबरी आणि हाँगकाँगकडून हार हे दोन्ही जमील येण्यापूर्वीचे. शिवाय कराराचा तिढा न सुटल्याने, एरवी सप्टेंबरात सुरू होणारी इंडियन सुपर लीग 2025 सरेपर्यंत सुरूच झाली नव्हती. ज्यांचे खेळाडू महिनोन्‌महिने लीगचा एकही सामना खेळले नाहीत, त्या संघाच्या पराभवाचा जाब फुटबॉल महासंघाने प्रथम आपल्याच कचेरीत विचारावयास हवा होता.