थांबविणारी कळ स्वतंत्र असावी

यंत्र चालविण्याच्या कौशल्याचे कौतुक सर्वत्र होते. ते तत्काळ थांबविण्याची सोय मात्र पुष्कळदा दुय्यम मानली जाते. कारखान्यातील यंत्रावर पिवळ्या पार्श्वभूमीवर बसविलेले, छत्रीच्या आकाराचे लाल बटण वाचकांनी पाहिले असेल. संकटप्रसंगी ते तळहाताने दाबावयाचे असते. दाबले की ते आतच अडकून राहते. आणि पुढे मोकळे केले तरी यंत्र आपोआप सुरू होत नाही.

या बटणामागील तत्त्व मार्मिक आहे. त्यातील विद्युत्संपर्क एरवी जोडलेला असतो व बटण दाबताच तुटतो. म्हणजे ‘थांब’ असा संदेश पाठवावा लागत नाही. ‘चालू दे’ हा संदेश खंडित झाला की यंत्र थांबते. म्हणूनच बटणाची तार तुटली तरीही ते थांबते. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ साली आगगाडीच्या ब्रेकमध्ये हेच तत्त्व योजिले: नळीतील हवेचा दाब गेला की ब्रेक लागतात.

आता यंत्रांची सूत्रे संगणकाकडे गेली आहेत. सर्व काही तोच पाहत असता वेगळी साधने कशाला, असे काटकसरीने विचारले जाते. कॅनडात तयार झालेल्या ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्राचा अनुभव येथे बोलका आहे. आधीच्या यंत्रांतील स्वतंत्र संरक्षक साधने काढून त्यात आज्ञावलीवर भिस्त ठेवण्यात आली. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथील सहा रुग्णांना घातक मात्रा मिळाली. त्यांपैकी काही दगावले. आज्ञावलीतील असाच एक दोष आधीच्या ‘थेरॅक-२०’ मध्येही होता. पण तेथे स्वतंत्र साधनांनी रुग्णांचे रक्षण केले.

कुंपणच शेत खाऊ लागले, तर दाद कोणाकडे मागावी? जेथे यंत्रापासून जीवाला धोका संभवतो, तेथे थांबविणारी कळ आज्ञावलीच्या परवानगीवर अवलंबून असू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. चुकून कळ दाबली गेल्यास काम खोळंबते, हे खरे. परंतु ते नुकसान भरून काढता येते, गेलेला जीव परत आणता येत नाही.

शाळेच्या कार्यशाळेतही हाच नियम पाळावा. कळ हाताशी असावी, तिच्यापुढे सामान रचू नये, आणि ती खरोखर यंत्र थांबविते की नाही, हे शिक्षकांनी वेळोवेळी पडताळून पाहावे.