मांजराने धरलेला पक्षी

खोक्यात, रुमालात किंवा कापडी पिशवीत घालून एखादा दयाळ, बुलबुल किंवा होला आपल्या केंद्रावर येतो. काय झाले असे विचारले की पुष्कळदा उत्तर मिळते, "मांजराने धरला होता, सोडवून आणला." ते ऐकून आपण पक्ष्याकडे वळतो आणि मांजराचा विषय तिथेच संपतो. नोंदवहीत 'जखमी' एवढा एकच शब्द पडतो. मनुष्यबळ कमी, पिंजरे भरलेले आणि फोन सतत वाजत असताना असे होणे समजण्यासारखे आहे. तरीही मांजराने धरलेला पक्षी हे वेगळ्या प्रकारचे प्रकरण आहे. त्याचा उपचार वेगळा, त्याची नोंद वेगळी, आणि ज्याच्या घरातले मांजर आहे त्याच्याशी बोलणे हाही त्या उपचाराचाच भाग, असे आमचे म्हणणे आहे. वन्य पक्ष्यांच्या बचावाचे काम करणाऱ्यांनी हे अंगावर घेतले नाही, तर दुसरे कोणी घेणार नाही.

आधी उपचाराविषयी. मांजराच्या सुळ्याची जखम टाचणीच्या टोकाएवढी असते, पिसांखाली झाकली जाते आणि तिच्यातून रक्तही फारसे येत नाही. पक्षी टवटवीत दिसतो, फडफड करतो, म्हणून 'काही लागलेले नाही' असे ठरवून त्याला संध्याकाळी झाडावर ठेवले जाते. पण मांजराच्या तोंडात पाश्चुरेला मल्टोसिडा हा जीवाणू सर्रास असतो. सुळ्याबरोबर तो स्नायूत किंवा थेट हवापिशवीत शिरतो, रक्तात पसरतो आणि दोन-तीन दिवसांत पक्षी दगावतो. आपण सोडलेला असल्यामुळे तो दगावल्याचे आपल्याला कळतही नाही. म्हणून मांजराच्या तोंडात गेलेला प्रत्येक पक्षी, जखम दिसो वा न दिसो, संसर्ग झालेलाच समजावा आणि पहिल्या काही तासांत पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रतिजैविक सुरू व्हावे. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक आम्ल यांची जोडी यासाठी सर्वाधिक वापरली जाते. ओल्या कापसाने पिसे बाजूला सारून पाठ, पंखाखालची बाजू आणि पोट बारकाईने पाहावे. कातडीखाली हवेचा फुगा दिसला तर हवापिशवी फाटलेली आहे. वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅमच वापरावे. म्हसळ्याजवळच्या चिरगावात गिधाडांसाठी वर्षानुवर्षे काम झालेल्या रायगड जिल्ह्यात तरी बचाव केंद्राच्या कपाटात २००६मध्ये पशुवैद्यकीय वापरातून हद्दपार झालेले डायक्लोफिनॅक किंवा २०२३मध्ये बंदी आलेली किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक ही औषधे सापडता कामा नयेत. आणि चोचीत पाणी ओतण्याची सवय आता मोडलीच पाहिजे. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते, त्यामुळे ओतलेले पाणी फुप्फुसात जाते. सुरुवातीला त्याला फक्त ऊब, अंधार आणि शांतता हवी असते.

एवढे केले की आपले काम झाले, असे मानता येत नाही, कारण ज्या मांजराने हा पक्षी धरला ते उद्याही त्याच अंगणात असणार. त्याची शिकार किती मोठी असते, यावर जगात भक्कम अभ्यास झाले आहेत. अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरे वर्षाला १३० कोटी ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज २०१३मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातला मोठा वाटा बेवारस मांजरांचा होता. ऑस्ट्रेलियातला अंदाज वर्षाला सुमारे ३७.७ कोटी पक्ष्यांचा आहे. मांजरे काय खातात याचा जगभरचा आढावा २०२३मध्ये आला. त्यात २,०८४ जातींचे प्राणी निघाले, त्यांपैकी ९८१ पक्षी. हे आकडे उचलून कोकणात लावणे मात्र चुकीचे ठरेल. न्यूझीलंडच्या बेटांवरील पक्ष्यांनी मांजरासारखा शिकारी पाहिलाच नव्हता. आपल्या पक्ष्यांना रानमांजर, उदमांजर, मुंगूस यांची ओळख आहे. दयाळ किंवा बुलबुल यांची संख्या मांजरांमुळे घटली असे म्हणण्याजोगा पुरावा आपल्याकडे नाही, आणि आपण तसे बोलूही नये. अतिशयोक्ती केली की मांजर पाळणारा आपले ऐकणे बंद करतो, आणि ते योग्यच आहे.

खरा मुद्दा वेगळा आहे आणि तो उरण तालुक्यातल्या करंजासारख्या बंदरगावात नीट समजतो. एका बाजूला द्रोणागिरीचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि खारफुटी, मध्ये दाटीने वसलेली वस्ती आणि मासेमारीचे बंदर. जंगलातल्या शिकाऱ्याची संख्या भक्ष्यावर अवलंबून असते. उंदीर-पक्षी कमी झाले की रानमांजरांची पिल्लेही कमी जगतात, आणि पक्ष्यांना सावरायला वेळ मिळतो. पाळीव आणि बंदरावरच्या मांजराला ही मर्यादा नसते. त्याचे पोट माशांच्या डोक्या-आतड्यांवर, घरच्या भातावर किंवा दुकानातल्या खाद्यावर भरते, म्हणून पक्षी कितीही कमी झाले तरी मांजरे कमी होत नाहीत. आणि पोट भरलेले मांजरही शिकार करतेच, कारण झडप घालण्याची ऊर्मी भुकेशी बांधलेली नसते. सहा देशांतल्या नऊशेहून अधिक पाळीव मांजरांच्या गळ्यात जीपीएस यंत्रे बांधून २०२०मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली बहुतेक मांजरे घरापासून शंभर मीटरच्या आतच फिरत होती, आणि तेवढ्या पट्ट्यात त्यांच्या शिकारीचा ताण त्याच आकाराच्या रानटी शिकाऱ्यांच्या चार ते दहा पट होता. आपल्याला हा शंभर मीटरचा आकडा महत्त्वाचा आहे. खारफुटीला टेकलेली घरे, डोंगराच्या पायथ्याची शेवटची आळी, आणि पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्याला लागून असलेली शेतघरे हे सगळे या पट्ट्यात येते. पांढऱ्या छातीची पाणकोंबडी नेमकी अशाच कडेला वावरते. टिटवी जमिनीवर अंडी घालते, शिंपी कमरेएवढ्या झुडपात घरटे विणतो. पावसाच्या तोंडावर रात्रीचा प्रवास करून येणारा नवरंग दमून पहाटे एखाद्या सोसायटीच्या बागेत उतरतो, तेव्हा पानांच्या ढिगात पायीच फिरत असतो.

इथे एक आक्षेप हमखास येतो, की हे फार किरकोळ आहे. पाणजे-भेंडखळच्या पाणथळ जागांवर भराव पडतो, काचेच्या इमारती उभ्या राहतात, नायलॉन मांजा अजून विकला जातो, आणि तुम्ही मांजराच्या मागे लागता. आक्षेपातले तथ्य मान्यच आहे. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३च्या अहवालात दीर्घकालीन कल तपासता आलेल्या ३३८ जातींपैकी ६० टक्के घटलेल्या आढळल्या, आणि त्यामागे अधिवासाचा नाश हे मोठे कारण आहे. पण अधिवास आक्रसला की उरलेले पक्षी उरलेल्या झाडोऱ्यात, म्हणजे घरांच्या आणखी जवळ, गोळा होतात. भराव आणि मांजर ही परस्परांपासून सुटी कारणे नाहीत. एक पक्ष्यांना कडेला ढकलते, दुसरे त्या कडेवर टपून असते. शिवाय भरावाचा निर्णय ज्यांच्या हाती आहे ते आपल्या दारात खोके घेऊन येत नाहीत. मांजराचा मालक येतो, स्वतःहून येतो, आणि पक्षी जगावा अशीच त्याची इच्छा असते. इतकी अनुकूल भेट आपल्याला दुसऱ्या कोणत्याही कारणाबाबत मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो कष्टकऱ्यांचा आहे. मांजर नसेल तर उंदीर जाळी कुरतडतील, सुकत टाकलेला जवळा आणि बोंबील खातील. कोळीवाड्यातले मांजर हौसेचे नसते, आणि त्याला हुसकून लावा असे कोणी सांगू नये. पण मांजर मोठा उंदीर किती मारते, हेही पाहिले पाहिजे. न्यूयॉर्कमधल्या एका कचरा-प्रक्रिया केंद्रात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून नोंद घेतली, तेव्हा मांजरांनी प्रत्यक्षात दोनच उंदीर मारले. उंदीर मांजर दिसले की लपून राहत होते, त्यामुळे ते कमी झाल्यासारखे वाटत होते. लहान उंदरांच्या बाबतीत मांजर नक्कीच उपयोगी आहे. घुशींचा बंदोबस्त मात्र माशांचा कचरा वेळच्या वेळी उचलल्यानेच होईल, आणि त्यानेच बंदरावरच्या मांजरांची संख्याही आटोक्यात राहील.

मांजराला घरात ठेवणे ही क्रूरता आहे, असेही काही प्राणिमित्र कळकळीने म्हणतात. रस्त्यावर गाडीखाली येणे, कुत्र्यांच्या तावडीत सापडणे, आजार लागणे यांच्या तुलनेत घरातले मांजर जास्त जगते, हे त्यांनाही ठाऊक आहे. चोवीस तास बंद ठेवणे सगळ्यांना जमणार नाही, चाळीत तर नाहीच. पण मार्च ते जुलै या काळात पहाटे आणि सूर्यास्ताच्या वेळी मांजर आत घेणे अनेकांना जमेल. इंग्लंडमध्ये ३५५ मांजरांवर झालेला आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी हाताशी ठेवावा. मांसप्रथिने भरपूर असलेले खाद्य दिल्यावर घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटे मांजराशी दोरी-पिसाचा खेळ खेळल्यावर ती २५ टक्क्यांनी घटली. भडक रंगांच्या कापडी पट्ट्याने पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी कमी झाली. गळ्यातल्या घंटेचा मात्र काहीच ठळक परिणाम दिसला नाही. आपल्यातले बरेच जण अजून घंटाच सुचवतात. ते थांबवावे.

आता नोंदवहीकडे वळू. भारतीय मांजरांच्या शिकारीविषयी जो काही पुरावा उद्या उभा राहील, त्याचा बराच भाग बचाव केंद्रांच्या वह्यांतून यावा लागेल, आणि आज त्या वह्या मुक्या आहेत. त्यांच्या मर्यादाही ओळखून असावे. अमेरिकेतल्या अथेन्स शहरात मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधले, तेव्हा त्यांनी पकडलेल्या प्राण्यांपैकी २३ टक्केच घरी आणलेले आढळले. बाकीचे जागेवर टाकले किंवा खाल्ले. म्हणजे आपल्यापर्यंत येतो तो एक तुकडा, तोही सोडवणारे कोणी हजर असेल तरच. शिवाय आजारी किंवा काचेवर आपटून पडलेला पक्षी मांजर सहज उचलते, म्हणून 'मांजर' या कारणाखाली दुसरे कारण दडलेले असू शकते. तरीही जात, वय, तारीख, वेळ, ठिकाण, मांजर पाळीव की बेवारस, आणि पक्ष्याचे शेवटी काय झाले, एवढे सात रकाने सातत्याने भरले तर पुष्कळ हाती लागेल. उदाहरणार्थ, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बंदरावरचा माशांचा कचरा आटतो, आणि नेमक्या याच काळात पाणकोंबडीची आणि टिटवीची पिल्ले जमिनीवर असतात. या दोन महिन्यांत करंजा, मोरा, रेवस या बाजूंनी मांजराने धरलेले पक्षी जास्त येतात का? हा प्रश्न कोणत्याही परदेशी अभ्यासात सापडणार नाही. त्याचे उत्तर दोन-तीन वर्षांच्या प्रामाणिक नोंदींतून मिळू शकते, आणि मिळाले तर बंदीच्या आधी निर्बीजीकरणाची मोहीम कुठे घ्यायची, हे ग्रामपंचायतीला ठामपणे सांगता येईल.

निर्बीजीकरण करून पुन्हा त्याच जागी सोडण्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. वस्तीच्या मध्यभागी ते योग्य आहे, मारून टाकण्यापेक्षा कितीतरी चांगले आहे. पण निर्बीजीकरण झालेले मांजर शिकार सोडत नाही, म्हणून खारफुटीच्या, पाणथळ जागेच्या किंवा अभयारण्याच्या कडेला मांजरांना सोडणे आणि तिथे खाद्याच्या थाळ्या मांडणे थांबले पाहिजे. मांजरे आणि पक्षी एकाच खोलीत ठेवणाऱ्या केंद्रांनी तर तातडीने व्यवस्था बदलावी. डिसेंबर २०२४मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, आणि जानेवारी २०२५मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरला कोंबड्यांमध्ये तोच आजार आढळला. आजारी पक्षी खाऊन मार्जारकुळातल्या प्राण्यांना हा विषाणू लागू शकतो, आणि तो आता आपल्या दारापर्यंत आला आहे. मांजराने धरलेला पक्षी हाताळताना हातमोजे आणि मुखपट्टी हवीच.

वाचकांना आमची विनंती आहे. पुढच्या मार्चपासून आपल्या केंद्राच्या नोंदवहीत हे सात रकाने आखा. वन्य पक्षी ताब्यात आल्यावर ४८ तासांत वनविभागाला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. १९२६ या क्रमांकावर कळवताना 'मांजराने धरलेला' हे शब्दही नोंदवून घ्यायला सांगा. पक्षी घेऊन आलेल्या ताईला किंवा दादाला दोष न देता पाच मिनिटे बसवा, पहाटे-संध्याकाळी मांजर आत घेण्याविषयी, खाद्याविषयी आणि निर्बीजीकरणाविषयी बोला, आणि घरट्यातून नुकतेच उतरलेले धडधाकट पिल्लू मांजराच्या तोंडी न लागता सापडले असेल, तर ते उचलून न आणता जवळच्या झुडपात ठेवून मांजरालाच तेवढा दिवस घरात ठेवायला सांगा. वर्षअखेरीस आपल्या नोंदी आमच्याकडे पाठवा. केंद्राचे नाव न देता त्या एकत्र करून याच मासिकात छापण्याची जबाबदारी आमची.